नावगाव सांगून : देवळाली प्रवऱ्यातली काही टिपणं

देवळालीचं नाव असलेला मजकूर मोबाईलवर आला की आमच्याकडची जाणती माणसं आधी विचारतात, "कोणती देवळाली?" नाशिकजवळच्या देवळालीत लष्कराची छावणी, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, रेल्वे स्टेशन. इकडे आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, प्रवरेचा पाट, ऊस आणि राहुरी फॅक्टरी. नावं सारखी असल्यामुळे गावाला एक चांगली सवय लागली आहे : बातमी वाचली की ती कुठली हे विचारायचं. याला जोडून आणखी दोन प्रश्न हवेत. कधीची? आणि कोण सांगतंय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "मला आलं, मी टाकलं."

मला वाटतं, सगळी अडचण या उत्तरात आहे. बोलणारा कोण, हे ठाऊक नसलेल्या बोलण्यावर गाव चालत नाही.

*

तीसेक हजार वस्तीचं आमचं गाव नगरपरिषदेचं आहे. याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. शेजारच्या टाकळीमियात किंवा गुह्यात ग्रामसभा भरते. कायद्यानं वर्षातून किमान चार वेळा भरवावीच लागते, आणि मतदारयादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला विचारू शकतो की नळाचं काम कुठवर आलं. आमच्याकडे ती सोय नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून मोठ्या वस्तीच्या शहरांसाठी. २००९ मध्ये राज्यानं नागरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. खेड्यातल्या माणसाला जो हक्क आहे, तो गाव मोठं झालं म्हणून आमच्या माणसाला नाही.

त्यात भर पडली ती प्रशासकाच्या काळाची. २०१६ च्या अखेरीस राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, पाच वर्षांनी मुदती संपल्या, आणि ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे पुढच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरपर्यंत लांबल्या. मधल्या काळात नगरसेवक नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रश्न विचारायला दार नाही. लोकांनी विचारायचं कुठे? मोबाईलवरच्या गटात. गटार तुंबलं, फोटो टाका. दिवे बंद, फोटो टाका. यात मला काहीच गैर वाटत नाही. त्या फोटोंमुळे काही कामं झालीही असतील. पण गटात तक्रार टाकली की तिला आवक क्रमांक मिळत नाही, इतिवृत्तात तिची नोंद होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ती गडप होते. सभेत विचारलेला प्रश्न तीन वर्षांनीही दाखवता येतो.

*

पाट. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं, असा मजकूर येतो आणि सोबत दुथडी भरून वाहणाऱ्या कालव्याचा फोटो. उसाला पाणी द्यायचं म्हणून कोणीतरी मोटारसायकल काढून चारीवर जातो, तर चारीत गवत तसंच उभं आणि तळाला भेगा. फोटो मागच्या वर्षीचा. अशा वेळी जुनी माणसं पाटकऱ्याला फोन लावतात. सगळं त्याला माहीत असतं म्हणून नव्हे. पाणी अमुक दिवशी येईल म्हणाला आणि आलं नाही, तर चारीवरचे सगळे शेतकरी त्याला धरू शकतात, म्हणून.

*

बिबट्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण या पट्ट्यात आज माणसं सर्वांत जास्त अस्वस्थ आहेत ती त्याच्यामुळे. अस्वस्थता खरी आहे. ऊस हेच बिबट्याचं घर झालं आहे. तोडणी सुरू झाली की बछडी सापडतात, मादी आसपास फिरत राहते. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं रात्रीची आली की माणसाला बॅटरी घेऊन दोन वाजता मोटर चालू करायला जावंच लागतं. ज्यांनी घरातलं लेकरू गमावलं, त्यांच्यापुढे शहाणपणाच्या गोष्टी कोणी सांगू नयेत.

२०२५ च्या हिवाळ्यात या खऱ्या भीतीवर खोटी चित्रं स्वार झाली. पुणे, नाशिक आणि नगर जिल्ह्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेले बिबटे फिरायला लागले. कुठे गल्लीत, कुठे शाळेच्या भिंतीवर. खोटी चित्रं पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असं वनखात्याला जाहीर करावं लागलं. चित्र खोटं ठरलं तरी त्याचं काम तोवर झालेलं असतं. त्या रात्री आयांनी मुलांना बाहेर सोडलेलं नसतं आणि वनरक्षकाचा फोन नको त्या गावाहून वाजत राहिलेला असतो. खरा बिबट्या दुसऱ्याच वस्तीवर असेल, तर तिथे पोचायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. खोट्या बातमीचा मला दिसलेला मोठा तोटा हा आहे. ती खऱ्या बातमीच्या वाटेत आडवी पडते.

दुसरा तोटा धोरणाचा. आरडाओरड झाली की मागणी एकच : पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. हे या भागात करून झालं आहे. २००१ च्या सुमारास जुन्नरकडे मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. अनोळखी मुलुखात सोडलेलं जनावर बिथरतं. पुढे अत्रेय यांनी आमच्याच जिल्ह्यात, अकोल्यात, उसाच्या शेतांत कॅमेरे लावून बिबट्यांची मोजदाद केली. २०१३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. दाट वस्तीच्या त्या भागात प्रौढ बिबट्यांचं प्रमाण शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास निघालं, आणि ते माणसांच्या शेजारी, बहुतेक वेळा कोणाच्या नजरेस न पडता राहत होते. जिल्ह्यातलं हे ज्ञान जिल्ह्यातल्या किती गटांत फिरलं? पिंजऱ्याची मागणी मात्र रोज फिरते. दिवसा लाईट द्या, वस्तीवरचे गोठे बंदिस्त करायला अनुदान द्या, या मागण्या जास्त कामाच्या आहेत. शेतकरी त्या मांडतातही. चित्राच्या मानानं त्या पुढे सरकत नाहीत, एवढंच.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो, उपयोगी पडेल. बांधावरच्या ओल्या मातीत ठसा दिसला की फोटो टाकण्याआधी वाकून नखं बघावीत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. मग ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकार कळतो. शेताचा गट नंबर सांगावा, आणि आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. गटात टाकायचं ते नंतर, आपल्या नावानं. मी हे अमुक वस्तीवर, इतक्या वाजता, स्वतः पाहिलं. असा मजकूर वाचला की माणसं घाबरतातही कमी आणि जपतातही जास्त.

*

राईनपाडा. साक्री तालुका, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मजकूर त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावानं पाचही जणांना ठार मारलं. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. जिथे गावानं बसून बोलायचं, तिथेच. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली.

त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. तिथल्या काही लोकांनी त्यांना आसरा दिला, पोलीस पोचले, कुटुंब वाचलं. मोबाईल दोन्हीकडे होते, मजकूर तोच होता. मालेगावात कोणीतरी दार उघडलं आणि पुढे उभं राहिलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरं केलं. पण जमावापुढे उभं राहणारा माणूस कंपनी पाठवत नाही.

*

गावोगाव एक समज आहे : गटात कोणी वाईट टाकलं की ॲडमिनला आत घेतात. या भीतीनं कितीतरी गट "फक्त ॲडमिन" झाले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, सामाईक हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे कायद्यानं ॲडमिन मोकळा आहे. गावाच्या दृष्टीनं मी त्याला मोकळा सोडणार नाही. गट त्यानं काढला, माणसं त्यानं गोळा केली. खोटं ठरलेला मजकूर गुपचूप काढून टाकण्याऐवजी "हे खोटं होतं, अमुक ठिकाणी विचारून खात्री केली" असं लिहिणं त्याला जमलं पाहिजे. पूर्वी गावच्या वाचनालयाचा चिटणीस जी जबाबदारी मानधनाशिवाय उचलायचा, तसलंच हे काम आहे.

*

आपल्या जिल्ह्याला छापील शब्दाची चांगली परंपरा आहे. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. पण मला जास्त जवळचं वाटतं ते 'दीनमित्र'. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी हे सत्यशोधकी साप्ताहिक चालवलं. १९१० साली सुरुवात, आणि १९६७ मध्ये ते वारले तोवर त्याच माणसाची तीच निष्ठा. त्यांचे वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढलं होतं, तेव्हा वारसा घरातलाच. तरी पुण्यामुंबईत बसून पत्र चालवणं वेगळं आणि आडगावात खिळे जुळवून वर्षानुवर्षं अंक काढणं वेगळं.

मुकुंदरावांचं लेखन मऊ नव्हतं. भिक्षुकशाही, सावकारी, कुळकर्ण्यांचा जाच यांवर ते कडक लिहीत. 'कुलकर्णी लीलामृत' हे नावच पुरेसं बोलकं आहे. आज ज्याला तिखट भाषा म्हणतात, ती त्यांच्याकडे भरपूर होती. म्हणून मला "सोशल मीडियावर सौम्य बोला" हा उपदेश अपुरा वाटतो. अन्यायावर सौम्यच का बोलायचं? मुकुंदराव ज्यांच्यावर लिहीत, ती माणसं पंचक्रोशीतलीच असत. अंकावर संपादकाचं नाव असे, गावाचं नाव असे. राग आलेल्या माणसाला तरवडीची वाट धरून दारात जाऊन भांडता येत होतं. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असलं की तो शब्द सोडत नाही, पण पुरावा दोनदा बघतो. खोट्या नावाचं खातं उघडून गावातल्या बाईवर, विरोधकावर, दुसऱ्या जातीवर घाण टाकणाऱ्याला मुकुंदरावांचा वारस म्हणता येणार नाही, तो कितीही पुरोगामी शब्द वापरो.

*

कोपर्डी, कर्जत तालुका, जुलै २०१६. तिथल्या एका मुलीवरच्या अत्याचारानंतर ऑगस्टमध्ये औरंगाबादला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत. निरोप मोबाईलवरून फिरले : कुठे जमायचं, गाड्या कुठे लावायच्या, घोषणा द्यायच्या नाहीत, पुढे मुली राहतील, मागे कचरा उचलायचा. लाखोंच्या गर्दीनं ते पाळलं. समाज माध्यमांनी माणसांना शिस्त लावता येते, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. त्याच मोर्च्यांच्या मागण्यांत ॲट्रॉसिटी कायद्यातला बदलही होता आणि त्यामुळे दलित वस्त्या धास्तावल्या होत्या, प्रतिमोर्चे निघाले, हेही त्याच वहीत लिहायला हवं. एका समाजाच्या गटातला निरोप दुसऱ्या समाजाच्या गटात पोचतो तो बहुधा मोडतोड होऊनच. दोघांना एकत्र बसवणारा गट कोणीच काढलेला नसतो.

हरेगाव इथून फार लांब नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे शेळ्या-कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटं टांगून मारलं. चित्रफीत पसरली, जिल्हा हादरला, अटका झाल्या. मोबाईल नसता तर ही गोष्ट शिवारातच दाबली गेली असती, असं मला वाटतं. मोबाईलवर सरसकट राग धरणाऱ्यांनी हरेगाव आठवावं.

आणि खर्डा, जामखेड तालुका. एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या शाळकरी दलित मुलाचा खून झाला. महाराष्ट्रभर निषेध, मोर्चे, लेख. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला तेव्हा आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. निषेधाचे मजकूर लिहिणारे हजारो होते. कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून, नाव-गाव-वय सांगून, पाहिलं ते सांगणारे हवे होते, ते शेवटपर्यंत टिकले नाहीत. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांना त्याच गावात राहायचं होतं, रोजगार तिथेच, दुकान तिथेच. साक्षीदाराच्या घरी रोज संध्याकाळी जाऊन बसणारी चार माणसं गावात असती तर? मला नागरी समाज म्हणजे ती चार माणसं वाटतात.

*

समोरासमोर बोलण्याचं इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही लिहितो. आमच्या या सहकाराच्या मुलुखात समोरासमोरच्या सभांचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला. १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम झाला. त्यामागून राहुरीसकट गावोगाव धुराडी उभी राहिली. सभासद हा मालक, आणि वार्षिक सभा हे त्याचं न्यायासन, अशी ती कल्पना. पुढे कितीतरी संस्थांत सभा म्हणजे मंडप, जेवण आणि "मंजूर, मंजूर" एवढंच उरलं. प्रश्न विचारायला उठलेल्याच्या हातातून माईक काढून घेतला जातो. आमच्या फॅक्टरीचं, आताच्या डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे कारखान्याचं, धुराडं अलीकडे किती हंगाम थंड राहिलं, हे इथल्या प्रत्येक ऊस उत्पादकानं आणि कामगारानं सोसलं आहे. मुळा-प्रवरा वीज संस्थेसारखी देशात नावाजलेली ग्राहकांची संस्था होती, २०११ मध्ये तिचं काम महावितरणकडे गेलं. सभा जागच्या जागी पोकळ झाल्या, म्हणून माणसं मोबाईलकडे वळली. हा क्रम विसरून चालणार नाही.

आणि मोबाईलनं इथे एक काम चांगलं केलं आहे. अहवालाचं पुस्तक पूर्वी घरोघर येऊन फडताळात पडायचं. आता एखादा शिकलेला सभासद ताळेबंदाचं पान टाकतो, कर्जाच्या आकड्याखाली लाल रेघ ओढतो आणि विचारतो, हे एका वर्षात एवढं कसं वाढलं? कोणीतरी निवृत्त लेखनिक उत्तर देतो. वाद होतो, पण तो आकड्यावर होतो. असे दहा सभासद विषयपत्रिका वाचून, लेखी प्रश्न मुदतीत देऊन, पोच घेऊन सभेला गेले, तर माईक काढून घेणाऱ्याला अवघड जातं.

*

गावाच्या मोठ्या गटात बाया बोलत नाहीत. नंबर असतात, नावं असतात, पण आवाज नाही. एखादीनं पाण्याच्या वेळेविषयी विचारलं की उत्तराआधी तिला खाजगीत नको ते मजकूर येतात, मग ती गट सोडते. याच बाया बचत गटात महिन्याला हिशेब मांडतात, कोणाचा हप्ता थकला ते तोंडावर सांगतात, आणि त्यांच्या छोट्या गटात पावतीचा फोटो त्याच दिवशी येतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे, ते कोणीतरी नीट विचार करूनच घातलं असणार. नगरपरिषदेच्या गावालाही तसं काही हवं. प्रभागातल्या बायांची सभा, अंगणवाडीत किंवा मंदिराच्या ओसरीवर, दुपारी तीनला, कारण तेव्हाच सवड असते. नगरसेविकेनं बसायचं, मुख्याधिकाऱ्यांचा एक माणूस वही घेऊन.

*

नव्या नगरपरिषदेकडून काय हवं, असं कोणी विचारलं तर माझी यादी लांबलचक नाही. प्रत्येक प्रभागात तीन महिन्यांतून एकदा उघडी सभा घ्यावी. कायद्यानं सक्ती नसली तरी कायद्यानं मनाईही नाही. इतिवृत्त फळ्यावर लावावं आणि त्याचाच फोटो गटात टाकावा. क्रम हाच : आधी सभा, मग गट.

बाकी जे मिळत नाही ते मागून घ्यायचं हत्यार याच जिल्ह्यानं मिळवून दिलं आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या २००३ च्या उपोषणानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा मार्गी लागला, २००५ मध्ये देशाचा आला. कलम ४ खाली सतरा प्रकारची माहिती कार्यालयानं न मागता जाहीर करायची आहे. बाकीच्या माहितीसाठी दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. असं मिळालेलं उत्तर गटात टाकताना आपल्याला हवी तेवढीच ओळ कापून टाकू नये. सगळी पानं टाकावीत, जावक क्रमांक आणि तारीख दिसेल अशी, आणि खाली अर्जदार म्हणून आपलं नाव लिहावं.